ग्रोनिंगनच्या खेड्यांतली विटांची चर्चेस : भिंती, घुमट, मनोरे आणि दुरुस्ती

चुनखडी

नेदरलँड्सच्या ईशान्य कोपऱ्यात ग्रोनिंगन प्रांत आहे. तिथे स्टेडुम, लॉपरसुम, झेरायप, हौझिंगे, लेर्मेन्स, क्रेवर्ट, गार्मरवोल्डे अशी खेडी थोड्याथोड्या अंतरावर विखुरलेली आहेत आणि बहुतेक प्रत्येकात मध्ययुगीन चर्च आहे. युरोपातली चर्चेस म्हटलं की आपल्याकडे दगडी कॅथेड्रलबद्दलच लिहिलं जातं, म्हणून या विटांच्या इमारतींसाठी हा धागा.

आधी जमीन समजून घ्यायला हवी. हा सगळा भाग समुद्रकाठच्या चिकणमातीचा. समुद्राला बांध घातले जाण्याआधी लोक माती, शेण आणि कचऱ्याचे थर रचून केलेल्या उंचवट्यांवर राहत. ग्रोनिंगनमध्ये त्यांना विर्डे म्हणतात, शेजारच्या फ्रीसलँडमध्ये टेर्प. चर्च या उंचवट्यावरच बांधलं जाई, भोवती दफनभूमी आणि तिच्याबाहेर चर. म्हणजे इमारतीखाली खडक नाही, माणसांनी टाकलेली भर आहे. पुढे भिंती कलणं, मनोरे वेगळे बांधणं, भेगा पडणं असं जे काही दिसतं त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे इथे बांधकामाचा दगड नाही. हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे तेवढे मिळतात. म्हणून सुरुवातीची दगडी चर्चेस टफची, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या हलक्या, सच्छिद्र दगडाची. तो जर्मनीतल्या आयफेल डोंगराळ भागातून ऱ्हाईन नदीने बोटींतून यायचा. लेर्मेन्सच्या चर्चमध्ये तो आजही दिसतो. १२व्या शतकाच्या उत्तरार्धात इथेच, पायाखालच्या मातीच्या विटा भाजायला सुरुवात झाली आणि पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत खेड्याखेड्यांत विटांची चर्चेस उभी राहिली.

भिंतीबद्दल एवढंच आधी सांगतो: बाहेरून मीटरभर जाडीची भरीव वाटणारी भिंत भरीव नसते. बाहेरचा एक पदर साधारण एका विटेच्या लांबीचा, आतला तेवढाच, आणि मध्ये विटांचे तुकडे, गोटे व चुन्याची भर. हे लक्षात न घेता केलेल्या दुरुस्त्यांनी या इमारतींचं फार नुकसान केलं आहे. त्याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावं.

मृण्मय

विटेचं माप देतो, कारण सगळा हिशोब त्यावर चालतो. १३व्या शतकातली वीट साधारण ३० ते ३२ सेंमी लांब, १५ ते १६ रुंद आणि ८.५ ते ९.५ जाड. वजन सातेक किलो. दरज, म्हणजे दोन विटांमधला चुन्याचा सांधा, एक ते दीड सेंटीमीटरची धरली तर एका घनमीटर विटकामाला सुमारे १८० विटा लागतात.

समजा, चर्चचा एकच लांबट दिवाणखाना आहे: आतून २५ मीटर लांब, ८ रुंद, भिंती ८ मीटर उंच आणि १ मीटर जाड. भिंतींचं आकारमान साधारण ५६० घनमीटर. दारं-खिडक्या वजा जाता ५०० धरा. त्यातले दोन्ही पदर मिळून साठेक टक्के, म्हणजे ३०० घनमीटर. नुसत्या पदरांनाच ५४ हजार विटा झाल्या, त्यांचं वजन पावणेचारशे टन. भर वेगळी, घुमट वेगळे. गावात माणसं किती असतील ते डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हे काम वर्षानुवर्षं का चाले ते कळतं.

माती शरद ऋतूत खणून हिवाळाभर उघड्यावर ठेवत. थंडीत पाणी गोठून ढेकळं आपोआप फुटतात. वसंतात माती तुडवून साच्यात घालायची, काही आठवडे आडोशाला वाळवायची, मग शेतातच रचलेल्या भट्टीत पीट, म्हणजे दलदलीतलं वाळवलेलं इंधन, घालून भाजायची. वाळताना आणि भाजताना वीट सुमारे दहाव्या हिश्श्याने आकसते, म्हणून ३० सेंमी विटेला साचा ३३ सेंमीचा लागतो. भट्टीच्या मधल्या विटा कडक निघतात, कडेच्या कच्च्या. कडक विटा बाहेरच्या पदराला वापरत, कच्च्या आत आणि भरीत. बाहेरची एखादी वीट बदलायची म्हणून आतून काढून बाहेर लावली तर दोन-तीन हिवाळ्यांत तिचे पापुद्रे सुटतात, ते यामुळेच.

वाटसरू_ना

विटेच्या मापावरून चर्चचं वय खरंच काढता येतं का? की ढोबळ अंदाजच?

मृण्मय

येतं, पण एक वीट मोजून नाही. दहा रद्दे, म्हणजे विटांचे आडवे थर, मोजायचे: एका दरजेच्या खालच्या कडेपासून दहा रद्दे वर जाऊन त्याच कडेपर्यंत. हे तीन-चार ठिकाणी करून सरासरी घ्यायची. ९५ ते १०० सेंमी आले तर १३वं शतक असण्याची शक्यता मोठी. पुढे वीट लहान होत गेली, १५व्या शतकातलं काम बरंच खाली येतं. पण हे त्याच परिसरातल्या, साल माहीत असलेल्या इमारतीशी ताडून बघायचं. हॉलंड प्रांताचा तक्ता इथे चालत नाही.

विटांची मांडणीही बघा. जुन्या भागात दोन विटा लांबीने, एक रुंदीने, अशी रांग बऱ्याचदा आढळते. एक अख्खा रद्दा लांबीचा आणि एक रुंदीचा अशी शिस्तीची मांडणी दिसली तर ती बहुधा नंतरची.

दरजबंद

वर एक भर घालतो. १५९४ मध्ये ग्रोनिंगन शहर प्रोटेस्टंट बाजूकडे गेलं, मठ बंद झाले आणि त्यांच्या इमारती पाडून विटा विकल्या गेल्या. त्यामुळे १७व्या शतकातल्या दुरुस्तीतही १३व्या शतकातल्या मोठ्या विटा सापडतात. वीट जुनी म्हणजे भिंत जुनी असं नाही. दुसऱ्यांदा वापरलेल्या विटेच्या कडा तुटलेल्या असतात, जुना चुना पृष्ठभागावर चिकटलेला असतो आणि एकाच रद्द्यात दोन-तीन मापं येतात. शंका आली तर आधी खिडकीच्या कडा बघाव्यात. मूळ खिडकीच्या कडेला साच्यातच गोल केलेल्या विटांचा दांडा उभा चढतो. नंतर फोडलेल्या खिडकीला तो नसतो, आणि फोडलेल्या बाजूला अर्ध्या विटांची ओबडधोबड भरणी दिसते.

अक्षरवेल

वीट मठांतल्या भिक्षूंनी आणली असं अनेक ठिकाणी वाचलं आहे. ते कितपत खरं?

चुनखडी

मठांचा वाटा मोठा होता, पण सगळं श्रेय त्यांना देता येत नाही. सिस्टर्शियन पंथाचा आदुआर्डचा मठ ११९२ मध्ये स्थापन झाला आणि तो पुढे फार श्रीमंत झाला. पण विटांचं काम त्याआधीच सुरू झालं होतं आणि मठांशी संबंध नसलेली गावची चर्चेसही तितकीच जुनी आहेत. ग्रोनिंगन-फ्रीसलँडच्या शेतकऱ्यांवर त्या काळी सरंजामदाराची घट्ट पकड नव्हती. जमीन सुपीक, गुरांचा व्यापार चांगला, आणि चर्च बांधणं ही गावाची आपली बाब. इतक्या खेड्यांत इतकी चांगली बांधकामं आहेत त्यामागे हे कारण मला जास्त वजनदार वाटतं.

मठाच्या बांधकामाची लेखी नोंद हवी असेल तर व्हिट्टेविरुमच्या ब्लुमहॉफ मठाची बखर आहे. एमो आणि त्याच्यानंतरचा मठाधिपती मेंको यांनी ती लिहिली. १२१९च्या जानेवारीतला समुद्राचा महापूर त्यात आहे, आणि १२३८ मध्ये मठाच्या चर्चचं काम कोलोनच्या एव्हरहार्ड नावाच्या मिस्त्रीने हाती घेतल्याची नोंदही आहे. म्हणजे ऱ्हाईनकाठचे कसबी लोक इथवर येत होते. ते मठाचं चर्च आता उरलेलं नाही. तिथे आज उभं आहे ते १९व्या शतकातलं.

वाटसरू_ना

चुन्यात आपल्या वाड्यांसारखं गूळ, बेलफळ, हिरडा असं काही घालत का?

दरजबंद

तसं काही घालत नसत. इथला चुना शिंपल्यांचा. किनाऱ्यावर शिंपले मुबलक, ते पीटबरोबर थरांनी भट्टीत भाजत. हा चुना मऊ, सावकाश कडक होणारा, आणि म्हणूनच या जमिनीवर योग्य. पाया थोडा खचला की भिंत वाकते, दरजांमध्ये बारीक चिरा पडतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर चुना विरघळून त्यातल्या काही परत बुजतात. ओल्या जागी, पायथ्याशी, दळलेला टफ म्हणजे ट्रास मिसळत. त्याने चुना पाण्यातही घट्ट होतो.

आता नुकसानीचं. गेल्या शतकात या भिंतींच्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या. सिमेंटची दरज विटेपेक्षा कडक आणि पाण्याला बंद. भिंतीतली ओल पूर्वी दरजेतून बाहेर पडायची, आता ती विटेतून पडते. मातीत आणि हवेत समुद्राचे क्षार आहेतच. ते विटेच्या पृष्ठभागामागे साठतात, स्फटिक होतात, वर हिवाळ्यात गोठण्याचा ताण येतो आणि विटेचं तोंड उडतं. दरजांची जाळी पुढे आणि विटा आत गेलेल्या अशी भिंत दिसली की समजावं, काय झालं आहे ते. ट्रास जास्त घातला तरी नुकसान असंच होतं. दरज फार कडक होते आणि पांढरे ओघळ उतरतात.

दुरुस्तीची पद्धत अशी:

सिमेंट छिन्नी-हातोडीने काढायचं. ग्राइंडर लावला की पातं विटेत जातं, आणि उभ्या दरजांच्या वर-खाली विटांवर पडलेले काप कायमचे राहतात. दरज रुंदीच्या दुप्पट खोल, निदान अडीच सेंमी, मोकळी करायची. धूळ काढून आदल्या दिवशी भिंत भिजवायची. भरताना ती दमट हवी, पाणी निथळणारी नको. एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू, त्यात बारीक-जाड दोन्ही दाणे. गाळा घट्टसर ठेवायचा आणि थरांनी दाबून भरायचा. एका दमात भरला की मागे पोकळी राहते. ओलं गोणपाट आठवडाभर लावायचं. ५ अंशांखाली तापमान जाणार असेल तर काम करायचं नाही. इथे त्याचा अर्थ ऑक्टोबर ते एप्रिल भिंतीला हात लावायचा नाही. काम घाईचं असलं की नेमका हा नियम मोडतो, आणि पुढच्या वसंतात दरजा भुकटी होऊन खाली पडतात.

कमानदार

घुमटांवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या मते या चर्चेसची खरी कमाल तिथे आहे.

१३व्या शतकात इथे चौरस खणावर, म्हणजे चर्चच्या लांबीतल्या एकेका चौकोनी भागावर, खरबुजाच्या आकाराचे घुमट बांधले. आठ पाकळ्या, मध्ये वर येणाऱ्या आठ गोल फासळ्या आणि शिखरावर बऱ्याचदा एक कडं. फासळ्या बघून वाटतं की भार त्यांच्यावर आहे. तसं नाही. विटांचे रद्दे गोलाकार कड्यांसारखे एकावर एक येतात, प्रत्येक कडं पूर्ण झालं की ते स्वतःला धरून ठेवतं, म्हणून लाकडी सेंटरिंग फार कमी लागतं. फासळ्या बहुतांशी शोभेच्या. कवचाची जाडी अर्धी वीट, म्हणजे १५ सेंमी.

अडचण येते ती खाली. घुमट भिंतींना बाहेर ढकलतो आणि सुरुवातीच्या चर्चेसना टेकभिंती, म्हणजे बाहेरून आधार देणारे भिंतीचे जाड पुढारे, नव्हते. भिंती दोन पदरांच्या, खालची जमीन मऊ. माथा बाहेर झुकतो, खण रुंदावतो, घुमटाच्या शिखरावर लांबीच्या दिशेने भेग पडते. पुढच्या शतकांत तीन उपाय झाले: बाहेरून टेकभिंती बांधल्या, लोखंडी पट्ट्यांनी समोरासमोरच्या भिंती बांधल्या, किंवा घुमट पाडून सपाट लाकडी छत घातलं. तिसरा उपाय फार ठिकाणी दिसतो. आत उभं राहून भिंतीवर कमानीच्या आकाराचा व्रण आणि कोपऱ्यात तुटलेल्या फासळीचं बूड शोधा, म्हणजे घुमट होता हे कळतं.

दुरुस्तीतला एक धोका: घुमटाच्या वरच्या अंगाला, भिंतीलगतच्या खोलगट कोपऱ्यांत, विटांचा रोडा आणि चुना असतो. तो कचरा समजून साफ केला जातो. त्यातला वरचा भाग शतकानुशतकं पडलेली कौलं आणि पक्ष्यांची घाण असते, ती जरूर काढावी. पण तळाची चुन्यात बसवलेली भर घुमटाच्या कंबरेला दाबून धरते. ती काढली की कंबर बाहेर फुगते. आणि काढायची असेल तेव्हा चारही कोपऱ्यांतून समान, थोडी थोडी काढावी. एक कोपरा आधी रिकामा केला तर भार तिरका होतो.

अक्षरवेल

गार्मरवोल्डेच्या फोटोत मनोरा चर्चपासून सुटा दिसतो. तो पुढे तुटला की तसाच बांधला?

कमानदार

गार्मरवोल्डेत दोघांमधली जागा जास्त वाटते कारण चर्चचा पश्चिमेकडचा भाग १९व्या शतकात पाडला. उरला आहे तो पूर्वेकडचा भाग, आणि त्याचा पूर्वेचा त्रिकोणी माथा आवर्जून बघा: कोनाडे, आणि कोनाड्यांत तिरक्या विटांची नक्षी.

सुटा मनोरा मात्र या भागात नेहमीचा आहे. झेरायप, एझिंगे इथेही तसाच. मनोऱ्याचं वजन लहान जागेवर येतं, म्हणून तो चर्चपेक्षा जास्त खचतो. जोडून बांधला तर जोडावर चर्च फाटतं. शिवाय घंटा वाजताना मनोरा हलतो, ते हेलकावे घुमटापर्यंत जाऊ नयेत. जोडून बांधल्यावर काय होतं ते बिरुममध्ये दिसतं: मनोरा कलला आणि त्याला बाहेरून प्रचंड टेकू द्यावा लागला. बेडुमचा मनोरा जवळपास ३६ मीटर उंच आहे आणि २.६ मीटर कललेला आहे.

मृण्मय

उंचवटे कापल्यामुळेही पाये उघडे पडले. १९व्या शतकात आणि २०व्याच्या सुरुवातीला विर्डेची काळी माती खत म्हणून वालुकामय जमिनींना विकली जाई, बोटी भरभरून. चर्च आणि कबरी सोडून बाकीचं कापलं. फ्रीसलँडमधल्या होगेबाइंटुमचं चर्च म्हणूनच उभ्या कड्यावर असल्यासारखं दिसतं. एझिंगेचा उंचवटाही असाच काही भाग कापला गेला, आणि त्याच ठिकाणी पुरातत्त्वज्ञ फान गिफेन यांनी १९२०-३०च्या दशकांत उत्खनन करून लोहयुगापासूनची घरं, गोठे शोधले. कापलेल्या कडेला उन्हाळ्यात चिकणमाती वाळून आकसते आणि त्या बाजूची भिंत खाली जाते. कडेवरची मोठी झाडं पाणी ओढून हे आणखी वाढवतात.

वाटसरू_ना

उत्तरेच्या भिंतीतलं बुजवलेलं बुटकं दार व्हायकिंगांनी लोकांना उत्तरेकडे वाकायला लावण्यासाठी करवलं, असं एका माहितीफलकावर आहे म्हणे.

दरजबंद

लोककथा आहे. व्हायकिंगांचा काळ संपल्यानंतर शंभरेक वर्षांनी इथे पहिली वीट भाजली गेली. दार बुटकं दिसतं कारण शतकानुशतकांच्या दफनांनी बाहेरची जमीन वर आली. अशा भिंतीत पायथ्याची ओल जास्त असण्याचं कारणही हेच: मूळ जमिनीवरचा भाग आता मातीत आहे. माती उतरवताना तिथे कबरी असतात हे विसरू नये. पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीशिवाय तिथे खणत नाहीत.

रंगभिंत

आतल्या रंगकामाबद्दल. चित्रं बहुतेक सुक्या चुन्यावरची, ओल्या गिलाव्यावरची नाहीत. त्यामुळे रंगाचा थर पातळ आणि पकड कमी. १५९४ नंतर ती चुन्याच्या पांढऱ्या थरांखाली गेली. मिडलस्टुममध्ये घुमटावर अंतिम न्यायाचं चित्र आहे, लॉपरसुममध्ये मेरीच्या उपासनामंदिराचे घुमट रंगवलेले आहेत. झेरायपला मात्र चित्रांपेक्षा वेगळं बघायला मिळतं: आतल्या खऱ्या विटांवर रंगाने विटांचेच नमुने काढले आहेत, लाल-पांढऱ्या दरजांसकट. ओबडधोबड विटकाम नीटनेटकं दिसावं म्हणून. तिथला ऑर्गन थिओडोरस फाबर या कारागिराने बांधलेला, १६५१चा.

स्टेडुममध्ये गेल्यावर रंग बघताना सावध राहा. १८७७-७८ मध्ये पियर कायपर्स यांनी (अॅमस्टरडॅमचं राइक्स म्युझियम त्यांचंच) जीर्णोद्धार केला, त्यामुळे तिथले सगळेच रंग मध्ययुगीन समजू नयेत. मुत्सद्दी आद्रियान क्लांट यांची संगमरवरी समाधी मात्र शिल्पकार रोंबाउट फेरहुल्स्टची, १६७२ची, आणि ती अव्वल आहे.

चित्रांना सर्वांत मोठा त्रास हीटिंगचा. रविवारी दोन तासांसाठी गरम हवा सोडली की गारठलेल्या भिंतीवर दव धरतं, मग हवा कोरडी पडते. क्षार विरघळतात, पुन्हा स्फटिक होतात, रंग उडतो. ऑर्गनचं लाकूडही तडकतं. तापमान तासाला एक-दीड अंशापेक्षा जास्त वाढवू नये आणि हवेतली आर्द्रता ४५ टक्क्यांखाली जाऊ देऊ नये. बाकाखालचे लहान हीटर संपूर्ण चर्च तापवण्यापेक्षा चांगले.

कमानदार

भूकंपाचा विषय राहिला. ग्रोनिंगनचं नैसर्गिक वायूचं क्षेत्र १९५९ मध्ये सापडलं. वायू काढल्यावर सुमारे तीन किलोमीटर खोलवरचा वालुकाश्म दबतो, जुने भ्रंश, म्हणजे खडकातल्या भेगा, सरकतात. १६ ऑगस्ट २०१२ला हौझिंगेला ३.६ तीव्रतेचा धक्का बसला, ८ जानेवारी २०१८ला झेरायपला ३.४चा, २२ मे २०१९ला वेस्टरवाइटवर्टला ३.४चा. आकडे लहान वाटतात, पण केंद्र उथळ आणि वर मऊ चिकणमाती, त्यामुळे जमिनीवरचा हिसका जोरदार. १ ऑक्टोबर २०२३ला उत्पादन थांबलं, तरी दाब समतोल होईपर्यंत धक्के बसत राहतील.

दोन पदरांच्या भिंतीचा दुबळेपणा इथे उघडा पडतो. हिसक्याने मधली भर सैल होऊन खाली बसते, पदर एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा फुगतो. ओळखायची सोपी रीत म्हणजे लाकडी हातोडीने ठोकत जाणं. पोकळ आवाजाची जागा खडूने आखायची.

दरजबंद

आणि अशा जागी सिमेंटचा पातळ गाळा दाबाने भरतात, ती मोठी चूक आहे. भर कडक, पदर मऊ, शिवाय वीट-चुन्यातल्या सल्फेटशी सिमेंटची प्रक्रिया होऊन ते फुगतं आणि भिंत आतून फुटते. चुन्याचाच पातळ गाळा हवा. खालून सुरू करून वर जायचं. भोकं दरजांतच, ४०-५० सेंमी अंतरावर, आधी पाणी सोडून धूळ धुवायची, दाब एक बारपेक्षा कमी. वरच्या भोकातून गाळा दिसला की खालचं बंद करायचं. एका दिवसात मीटरभरापेक्षा जास्त उंची भरायची नाही, नाहीतर ओल्या गाळ्याचाच दाब पदराला ढकलतो. मागे चित्र असेल तर आधी चित्राचा गिलावा बसवून घ्यायचा, आणि पाण्याचं प्रमाण अगदी कमी ठेवायचं.

कमानदार

सहमत, पण नुसता गाळा पुरत नाही. दोन पदर शिवायला दरजांतून स्टेनलेस स्टीलचे पिळाचे गज आणि घुमटाच्या पातळीला आडव्या पट्ट्या लागतातच. पोटमाळ्यावर दिसल्या तरी चालतील. उद्या काढता येतील अशा असाव्यात, एवढं बघावं.

दरजबंद

गज कमीत कमी आणि ठोकून पोकळ लागलेल्या जागीच. सरसकट जाळी मारलेल्या भिंतीला वाकायला जागा उरत नाही, आणि खालची माती तर हलणारच आहे. पट्ट्यांबद्दल दुमत नाही.

सायकल_लॉपरसुम

जाणाऱ्यांसाठी: ग्रोनिंगन–डेल्फझाइल रेल्वेवर स्टेडुम, लॉपरसुम आणि अपिंगेडाम ही स्थानकं आहेत. स्टेडुमला उतरून सायकलने हौझिंगे, लॉपरसुम, झेरायप, लेर्मेन्स, क्रेवर्ट करत अपिंगेडामला गाडी पकडली तर एका दिवसात होतं. क्रेवर्टचा १५३१चा ऑर्गन चुकवू नका. आजही वाजवता येणाऱ्या देशातल्या सर्वांत जुन्या ऑर्गनांपैकी आहे. यातली बरीच चर्चेस १९६९ मध्ये स्थापन झालेल्या 'स्टिख्टिंग आउडे ग्रोनिंगर केर्केन' या संस्थेकडे आहेत. तिच्या ताब्यात शंभरहून जास्त चर्चेस आहेत. दार बंद असेल तर शेजारी किल्ली कुठे मिळेल तो पत्ता लावलेला असतो. दुर्बीण आणि टॉर्च घ्या, घुमटावरचं बारीक काम साध्या डोळ्यांनी दिसत नाही. पूर्वेचे त्रिकोणी माथे सकाळी बघा, तिरक्या उन्हातच कोनाड्यांतली नक्षी उठून दिसते. मोजपट्टी न्यायला हरकत नाही, पण रद्दे बाहेरच्या भिंतीवरच मोजा. आतल्या गिलाव्याला पट्टी टेकवू नका.